फाटकाचा दिवा आणि न फुललेली शेवंती

ऑक्टोबर सरत आला की फुलबाजारात शेवंतीचे ढीग लागतात. बंगल्याच्या फाटकाशी ठेवलेली कुंडी मात्र नुसत्या पानांनी भरून राहते, एक कळी धरत नाही. खत घालून होतं, माती बदलून होते. अशा वेळी एकदा फाटकाच्या खांबाकडे पाहावं. तिथला दिवा रात्रभर जळत असेल, तर कारण बहुधा तेच.

शेवंती रात्र मोजते. दिवस किती तासांचा आहे यावर काही झाडांचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं. झाड खरं तर अखंड अंधाराचे तास मोजतं, हे पुढच्या प्रयोगांतून कळलं. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की त्याचं रूप पालटतं. अंधारात ते हळूहळू मूळ रूपावर येतं. मध्यरात्री मध्येच प्रकाश पडला, तर लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि शेवंतीच्या लेखी उन्हाळा अजून संपलेला नसतो. फुलशेतीत हेच मुद्दाम करतात. शेवंतीवर रात्री दिवे लावून बहर लांबवायचा आणि भाव असेल तेव्हा माल काढायचा. अंगणात तेच नकळत घडतं.

बाहेर पिवळसर दिवे लावा, असा सल्ला हल्ली मिळतो. तो चांगलाच आहे. पांढरा एलईडी आतून निळा असतो. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवतात. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलं असेल तर निळा भाग जास्त, २७०० असेल तर कमी. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो आणि कीटकांनाही जास्त खेचतो. पण फायटोक्रोमला हवा असतो लाल, आणि तो पिवळसर दिव्यात भरपूर! म्हणजे पतंगांना सोसणारा दिवा शेवंतीला सोसेलच असं नाही. म्हणूनच मला वाटतं, दिव्याचं तोंड कुठे आहे आणि तो किती वाजता विझतो, याचा विचार रंगाच्याही आधी व्हावा.

तोंडाचं महत्त्व कीटकांइतकं कुणी दाखवलेलं नाही. उडणारे कीटक दिव्याकडे झेपावतात, अशी आपली समजूत. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळंच दिसलं: ते दिव्याकडे पाठ करतात. आकाश नेहमी जमिनीपेक्षा उजळ असतं, तेव्हा उजेडाकडे पाठ ठेवली की सरळ उडता येतं, ही त्यांची फार जुनी सवय. दिव्याजवळ तीच त्यांना घिरट्या घालायला लावते. उजेड खालून वर येत असेल, तर कीटक हवेतच उलटे होऊन कोसळतात. माडाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी जमिनीत पुरलेले, वर प्रकाश फेकणारे दिवे आज शोभेसाठी सर्रास बसवतात. मला ते सर्वांत घातक वाटतात. भंडारदरा, राजमाचीकडे मे-जूनमध्ये काजवे एकमेकांना लुकलुकून खुणावतात. त्या भागात घर किंवा रिसॉर्ट बांधणाऱ्याने तर हे दिवे लावूच नयेत.

चोराची भीती खरी आहे, पण डोळ्यांवर येणारा झगझगीत फ्लडलाइट बाहुल्या आकुंचित करतो आणि त्याच्यामागच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. गुडघ्याएवढ्या उंचीचा, वरून झाकलेला, हालचाल जाणवली तरच लागणारा दिवा पायवाटेला पुरतो. तो नीट बसला का, हे पाहायला रस्त्यावर जाऊन उभं राहावं: तिथून बल्ब दिसत असेल, तर वायरमनला पुन्हा बोलवावं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, त्याआधी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं अशीच जमिनीकडे वळवली होती.