लवजी सुतार आणि बारा रुपयांचे नातू

दर वेळी आम्ही या पानावर लागण, भरणी, खोडव्याचा पाला आणि लोकरी मावा यांच्याविषयी लिहितो. या अंकात मात्र एका सुताराविषयी लिहिणार आहोत. उसाच्या अंकात सुताराचं काय काम, असं कुणी विचारील. पण उसाचा आणि सुताराचा संबंध कारखान्याच्या चिमणीपेक्षा जुना आहे. लोखंडी चरक येण्याआधी घाणा लाकडाचा असे, मोटेचं चाक लाकडाचं असे, आणि गाडीचा तुंबा, आरे, पाटे हे सगळं गावच्या सुतारमेटावरच तयार होई. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी सुताराला बलुतं घातलेलं आहे. नव्या पिढीने सुतार पाहिला तो दाराच्या चौकटीपुरता किंवा फर्निचरच्या दुकानापुरता.

विषय निघाला तो वेसाव्यात. कागदोपत्री आणि बसच्या पाटीवर वर्सोवा. तिथले कोळी वेसावे म्हणतात. मुंबईच्या अंधेरीहून पश्चिमेला गेलं की समुद्राला लागून हे गाव. तिथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, १९६१ साली निघालेली. आपल्या भागात पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेल्या जमिनीत ऊस उगवत नाही, निदान तळी काढून मासे तरी होतील का, हे विचारायला आम्ही काही सभासदांना घेऊन तिकडे गेलो होतो. त्याचा वृत्तांत वेगळा देऊ. काम आटोपल्यावर सभासद म्हणाले, आता एवढं आलोच आहोत तर समुद्र बघू. म्हणून कोळीवाड्याच्या बाजूने खाडीवर उतरलो.

पलीकडे मढ, मध्ये मालाडची खाडी, अलीकडे काठीवर टांगून वाळत घातलेले बोंबील. वासाने आमच्यातल्या दोघा माळकऱ्यांनी उपरणं नाकाला लावलं. ओहोटीमुळे होड्या चिखलात टेकल्या होत्या. एका जुन्या लाकडी होडीच्या पोटाशी म्हातारा मिस्त्री बसला होता. दोन फळ्यांच्या फटीत कापसाची वात धरायची आणि बोथट छिन्नीने ठोकत आत बसवायची, एवढंच त्याचं काम चाललं होतं. आमच्यातले एक सभासद पाच मिनिटं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, हा कापूस पाण्यात कुजत नाही का?"

"कुजंल कसा? तेलातून काढलेला हाय. फळी पाणी पिती, फुगती, आन् कापसाला दाबून धरती. लाकूड सुकं राहिलं तरच होडी गळती."

मग गप्पा वाढल्या. बापाने शिकवलं, बापाला आज्याने. मुलगा? मुलगा फायबरच्या होड्यांच्या कामाला जातो. त्यात साचा असतो, साच्यात कापड आणि रसायन, वाकस लागत नाही. म्हातारा हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. फायबरची होडी हलकी, डागडुजी कमी, हे त्याला पटलेलं होतं. फक्त एवढं म्हणाला, की पोराला लाकूड बघून कळत नाही.

परत येताना गाडीत हाच विषय. कुणी म्हणालं, या सुतारकामाचा मूळपुरुष कोण? असा एक मूळपुरुष नसतोच. नावा या किनाऱ्यावर हजारो वर्षं बांधल्या जात आहेत. पण मुंबईत ज्याच्या नावाने हे काम ओळखलं गेलं, असा एक सुतार मात्र इतिहासाला ठाऊक आहे. त्याचं नाव लवजी नसरवानजी. गुजरातीत जहाज बांधणाऱ्याला वाडिया म्हणत, म्हणून पुढे आडनाव वाडिया झालं. परळचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल आणि बायकांचं वाडिया हॉस्पिटल आपल्या भागातल्या कितीतरी घरांना माहीत आहे. ती याच घराण्याच्या वंशजांच्या देणगीतून उभी राहिली. मुळाशी मात्र गिरणी नव्हती, व्यापारही नव्हता. मुळाशी वाकस आणि रंधा होता.

लवजींचा जन्म सुरतेकडचा, १७०२ च्या सुमारासचा. सुरतेत धनजीभाई नावाचे जहाज बांधणारे उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली लवजी मुकादम सुतार. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत ‘क्वीन’ नावाचं जहाज बांधायला दिलं. देखरेखीला डडले नावाचा कंपनीचा माणूस होता. त्याने पाहिलं, की हुकूम उस्तादाचा असला तरी काम या मुकादमाच्या नजरेवर चाललं आहे. त्याने लवजींना मुंबईला चलण्याचा आग्रह केला. मुंबईत कंपनीला स्वतःची गोदी वाढवायची होती.

इथे या माणसाचं पाणी दिसतं. पगार जास्त, मालक बलाढ्य, पण लवजींनी हातातलं काम टाकलं नाही. जहाज पुरं होऊन मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत, आणि उस्तादाने मोकळं करीपर्यंत, ते सुरतेतच राहिले. ऊसतोडणीच्या ऐन भरात उचल घेऊन दुसऱ्या कारखान्याकडे निघून जाणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या गोष्टीचं मोल आम्ही सांगायला नको.

१७३६ मध्ये थोडे सुतार बरोबर घेऊन ते मुंबईत आले. ती मुंबई म्हणजे सुटी सुटी बेटं. वेसावे त्या मुंबईत नव्हतंच. ते साष्टीत, आणि साष्टी पोर्तुगीजांकडे. लवजी येऊन तीन वर्षं होतात न होतात तोच चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वेसाव्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि त्याच १७३९ साली वसईही पडली. म्हणजे लवजी मुंबईच्या बंदरात इंग्रजांची जहाजं बांधत होते, तेव्हा उत्तरेला काही कोसांवर भगवं निशाण फडकत होतं. सुताराला राजकारणाशी काय? त्याला साग हवा होता.

सागासाठी लवजींना उत्तरेकडच्या जंगलांत पाठवलं गेलं. तिथल्या प्रमुखांशी बोलणी करून त्यांनी लाकूड मिळवलं. मग पुन्हा सुरतेला जाऊन आणखी सुतार जमवले आणि बिऱ्हाडही मुंबईला हलवलं. आमच्या मते त्यांचं खरं कसब इथेच दिसतं. नुसता वाकस चालवणारे शंभर मिळतील. लाकूड उभं असताना ओळखणं, ते कुठल्या अंगाने वाकलं आहे, त्यातून जहाजाची कुठली फासळी निघेल हे ताडणं, ही नजर वेगळी. बेण्याच्या मळ्यात उभं राहून डोळा फुगलेला, कांडी रसरशीत आणि नऊ-दहा महिन्यांचं बेणं कुठलं हे लांबून सांगणारे जुने सभासद आम्ही पाहिले आहेत. त्यांना पुस्तकाची गरज पडत नसे. कृषी पदविकेला असताना वर्कशॉपच्या तासाला आम्हीही रंधा धरला होता. लाकडापेक्षा बोटांचीच साल जास्त निघाली, हे आमच्या वर्गबंधूंना आठवत असेल.

सागाविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, कारण मुंबईच्या जहाजांचं नाव सागावर झालं. इंग्लंडात जहाजं ओकच्या लाकडाची. ओकमध्ये आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूड सडतं. सागात तेल असतं. खिळा टिकतो, वाळवीही सहसा लागत नाही. शिवाय मुंबई-सुरतेच्या सुतारांची फळी जोडण्याची रीत न्यारी होती. फळीला फळी नुसती भिडवायची नाही. एकीला खाच, दुसरीला तशीच जीभ काढून एकमेकींत बसवायची आणि सांध्यात तेलातला कापूस भरायचा. असं जहाज ओकच्या जहाजाहून कितीतरी जास्त वर्षं चाले.

मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये बांधून झाली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि तळ उघडा करून दुरुस्त करायचा, अशी ती सोय. आशियातली अशी पहिली गोदी म्हणून ती ओळखली जाते. १७६५ पर्यंत तिच्या जोडीला आणखी दोन झाल्या. हे सगळं लवजींच्या कारकिर्दीत. नौदलाच्या मुंबई गोदीवाड्यात त्या जुन्या गोद्या आजही आहेत.

आता ज्यासाठी एवढा पसारा मांडला ती गोष्ट. लवजींना माणेकजी आणि बमनजी असे दोन मुलगे. दोघेही बापाच्या हाताखाली तयार झाले. त्यांचे मुलगे फ्रामजी आणि जमशेटजी. आजोबा गोदीचे मुख्य बांधणीकार, साहेबाच्या बैठकीतले. नातवांना एखादी लिखापढीची जागा सहज मिळाली असती. आजोबांनी त्यांना साध्या सुतारांच्या रांगेत उभं केलं, पगार महिना बारा रुपये. इतर सुतार जे करतील तेच करायचं. करवत धरायची, भोकं पाडायची, डोक्यावरून फळ्या वाहायच्या. मालकाचा नातू म्हणून सावलीतली जागा नाही.

१७७४ मध्ये लवजी गेले, तेव्हा हे दोघे नातू त्या बारा रुपयांवरच काम करीत होते. घरात मोठी माया जमलेली नव्हती. त्या काळात कंपनीच्या चाकरीत हात ओले करून घेणारे थोडे नव्हते, लाकडाच्या खरेदीत तर सगळाच व्यवहार हातात. पण या माणसाने मुलांना ठेवलं ते मुख्यतः नाव. मुलगे दोघे मिळून गोदीचे प्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर तेच नातू.

त्यांपैकी जमशेटजींच्या हातून १८१० मध्ये ‘मिंडेन’ उतरलं, चौऱ्याहत्तर तोफांचं. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांचा नानकिंगचा तह झाला. पण त्याच नावाच्या एका आधीच्या जहाजाची गोष्ट सांगतात ती आम्हाला जास्त आवडते. १८०० साली बांधलेल्या त्या जहाजाच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशा तुळईवर, जमशेटजींनी इंग्रजीत कोरून ठेवलं, की हे जहाज एका ‘काळ्या’ने बांधलं आहे, आणि ‘काळ्या’च्या मागे गोरे साहेब लावीत तो शिवीवजा शब्दही लावला. बरीच वर्षं गेल्यावर जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनी ते उघडं करून दाखवलं म्हणे. साहेबाला तोंडावर उत्तर देण्याचे ते दिवस नव्हते. उत्तर लाकडात ठेवलं.

घराण्याचं हे काम मुंबईत सुमारे दीडशे वर्षं चाललं. त्यात अर्देशिर कर्सेटजींसारखे निघाले. त्यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, वाफेच्या यंत्राचा ध्यास घेतला आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. लाकडाचं युग संपून लोखंड आणि वाफ आली, तेव्हा या घराने नव्याकडे पाठ फिरवली नाही. फायबरला नावं न ठेवणारा वेसाव्याचा मिस्त्रीही त्याच जातीचा म्हणायचा.

आमच्या विभागाचा रोजचा अनुभव सांगतो. सभासद वारले की वारसाची नोंद होते, शेअर मुलाच्या नावावर चढतो, सातबाराही बदलतो. सगळं रीतसर. मग तो मुलगा गट कार्यालयात येतो आणि तोडणीची तारीख विचारतो. आम्ही विचारतो, लागण कधीची? तो फोन काढून कुणाला तरी विचारतो. जात कोणती? को ८६०३२ असेल बहुतेक. खोडवा कितवा? हे विचारावं लागेल. मुलगा हुशार आहे, शिकलेला आहे, शहरात नोकरीही चांगली आहे. त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण त्याच्या वडिलांनी त्याला कधी उन्हाळ्याच्या सुट्टीत बारं द्यायला उभं केलं नाही, रात्रीच्या पाळीला पाण्यावर पाठवलं नाही. आपण राबलो, पोराने राबू नये, ही माया आम्हाला कळते. आमच्या घरीही तीच माया आहे. तरी पण लवजींची माया कमी होती असं कोण म्हणेल?

त्यांच्या घराण्याच्या हातची एक वस्तू अजून डोळ्यांनी पाहता येते. मुंबईच्या गोदीत नव्या जहाजाचा कणा ठेवताना पारशी रीतीने चांदीचा खिळा ठोकीत. तसा खिळा ठोकून जमशेटजींच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ नावाची सागवानी युद्धनौका ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाच्या गावी ती आजही पाण्यावर तरंगते आहे, आणि युरोपात तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. ज्या सभासदांची मुलं तिकडे नोकरीला आहेत त्यांनी त्यांना जरूर कळवावं. आत गेल्यावर फळ्यांचे सांधे नीट बघायला सांगावेत.