एक राजा, दोन जयंत्या

महाराष्ट्रात शिवजयंती वर्षातून दोनदा येते. १९ फेब्रुवारीला सरकारी सुट्टी असते, शिवनेरीवर शासकीय सोहळा होतो, शाळा-कचेऱ्यांत प्रतिमेला हार घातला जातो. मग फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे बहुधा मार्चात, शिवसेना, मनसे आणि गावोगावची अनेक मंडळे पुन्हा मिरवणुका काढतात. तारीख की तिथी, हा वाद इतका जुना झाला आहे की दोन्ही बाजूंचा दिवस मुळात एकच आहे, हेच विसरले जाते. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. इतिहासाने सोडवायचा प्रश्न इतिहासाने सोडवला आहे. उरला आहे तो कोणते पंचांग धरायचे एवढाच. त्यावर आपण जितकी शक्ती खर्च करतो, तितकी उत्सवाच्या खऱ्या धोक्याच्या जागेवर कधीच केली नाही, असे माझे म्हणणे आहे.

मूळ प्रश्न लहान नव्हता. चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन साधनांत महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली दिला आहे आणि जुन्या पिढ्यांनी जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेलाच केली. कारीच्या जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्धीला आणली, तेव्हा चित्र बदलले. तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया होती. महाराजांच्याच आश्रयाने परमानंदाने लिहिलेल्या ‘शिवभारता’ने तीच तिथी सांगितली आणि जोधपूरच्या पत्रिकासंग्रहात सापडलेली कुंडलीही तिच्याशी जुळली. एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधने एका दिवसावर यावीत, हे मध्ययुगीन इतिहासात क्वचित घडते. तरीही १९६६ साली राज्य सरकारने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीत एकमत झाले नाही आणि सरकारी उत्सव वैशाखातच राहिला. १९ फेब्रुवारी सरकारदरबारी मान्य व्हायला २००१ साल उजाडले. साधने हाती आल्यानंतरही इतका काळ जावा, हे राज्याला भूषणावह नाही.

तिथीवाल्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ज्या राजाने स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला, फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवला, त्याची जयंती इंग्रजी कॅलेंडरने का करायची? रामनवमी तिथीने होते म्हणून शिवजयंतीही तशीच व्हावी, एवढाच हा युक्तिवाद नाही. बुद्ध, महावीर आणि गुरू नानक या ऐतिहासिक पुरुषांच्या जयंत्यांनाही सरकारी सुट्टी तिथीनेच मिळते. शिवाय १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. म्हणजे तारीख ही तिथीपेक्षा अधिक ‘शास्त्रशुद्ध’ आहे, हा दावा टिकत नाही. दुसरीकडे मराठा सेवा संघ, संभाजी ब्रिगेड यांसारख्या संघटनांचा तारखेचा आग्रहही पोकळ नाही. तिथी म्हटली की पंचांग आले, पंचांगामागे पुरोहित आला, आणि शेतकऱ्यांचा राजा पुन्हा देव्हाऱ्यात बसवला जाईल, ही ती शंका आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला, तेव्हापासून त्यांच्याकडे शेतकऱ्यांचा राजा म्हणून पाहण्याची ही परंपरा चालत आली आहे. दोन्ही बाजूंच्या मनात खोलवरचे काही आहे, हे मान्य करावे. पण सुट्टी हा राज्याचा निर्णय आहे. परीक्षा, बँका आणि न्यायालये यांना एक ठरलेला दिवस लागतो. सरकारने १९ फेब्रुवारी धरली ती सोय म्हणून योग्यच आहे. त्यामुळे तिथीने जयंती करणारा चुकीचा ठरत नाही.

उत्सव दोन झाल्याने समाज दुभंगतो, असेही म्हटले जाते. इतिहास तसे दाखवत नाही. टिळकांच्या पुढाकाराने १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर उत्सव झाला. १८९७ साली पुण्यात तो जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या निमित्ताने झाला. त्या उत्सवातल्या अफजलखानवधावरील भाषणाचा वृत्तान्त ‘केसरी’त आला, पुढे प्लेग अधिकारी रँडचा वध झाला आणि टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. इंग्रज सरकारला भीती वाटली ती उत्सवात काय बोलले गेले याची. सखाराम गणेश देऊस्कर या बंगालात वाढलेल्या मराठी माणसाने कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजवला. तिथे १९०६ साली टिळक गेले, तेव्हा मंडपात भवानीची पूजा मांडली होती आणि ब्राह्मो समाजी व मुसलमान सहानुभूतीदारांना ती खटकली. राजाच्या उत्सवाला पूजेचे रूप दिले की काही माणसे दूर होतात, हे तेव्हाच दिसले होते. दिवस कोणता, यावरून कोणी दूर गेले नव्हते.

धोका दिवसात नसतो, उत्सव कसा होतो यात असतो, याचे सर्वांत भीषण उदाहरण भिवंडीचे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची तपशीलवार चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीजवळची वाद्ये, गुलाल, घोषणा, वर्षानुवर्षे साठलेला संशय आणि स्थानिक मंडळांचे राजकारण हे त्या चौकशीचे विषय होते. जन्मतिथी वैशाखातली की फाल्गुनातली, याच्याशी मेलेल्या माणसांचा काही संबंध नव्हता. यावर कोणी म्हणेल की मार्गावर निर्बंध घालणे म्हणजे बहुसंख्यांच्या उत्सवावर बंधन आणणे. मला ते पटत नाही. रस्ता सार्वजनिक आहे म्हणून मिरवणुकीचा हक्क जितका खरा, तितकाच त्या रस्त्यावर राहणाऱ्याचा भीतीविना राहण्याचा हक्क खरा. वाजत-गाजत जाण्याला कोणाची हरकत नसते; एखाद्या दारापुढे मुद्दाम थांबून ओरडण्याला असते. शत्रूच्या धर्मस्थळांना आणि धर्मग्रंथांना महाराज हात लावू देत नसत, हे त्यांचा द्वेष करणाऱ्या खाफीखानानेही नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या जयंतीला ही नोंद वाचून दाखवावी, इतकी ती मोलाची आहे.

तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती एवढीच आहे. तारखेला जयंती करा किंवा तिथीला करा, दोन्हींना इतिहासाचा आधार आहे. पण पुढच्या शांतता समितीच्या बैठकीला जाल तेव्हा मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि घोषणांची यादी स्वतःहून टेबलावर ठेवा आणि त्या मार्गावरच्या मोहल्ल्यातली माणसेही बैठकीला बोलवा.