एक स्प्रिंग कमी

काकांनी आधी चपला काढल्या. मग अनवाणी डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवून डोळे मिटले आणि इंजिन बंद असतानाच पेडल दाबायला सुरुवात केली. सावकाश खाली, सावकाश वर. वीसेक वेळा तरी झालं असेल. गॅरेजमधला पोरगा चहा घेऊन आला, चहा बॉनेटवर निवत राहिला. "इथं," काका शेवटी म्हणाले, "इथं पेडल तुमच्या पायाखालून निसटतं. बरोबर?"

बरोबर. गेले आठ महिने मला नेमकं हेच कुणाला तरी सांगायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते.

पुण्यात नागनाथ पाराजवळच्या एका बोळात काकांचं हे गॅरेज आहे. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचं जोतं अजून शाबूत असलेली जागा. एका वेळी जेमतेम एक गाडी आत, दुसरी दारात. माझी गाडी आत होती. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, त्या वेळच्या औरंगाबादेत, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. 2004 मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन आपल्या रस्त्यांवर नवलाचं होतं. 1.8 लिटर, चार सिलिंडरांना वीस व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती, पाच गिअर, आणि हे सगळं दिसायला एका शांत, कुटुंबवत्सल सेडानच्या अंगात. मी ती तिसऱ्या हातून घेतली. इंजिन ठणठणीत होतं. फक्त क्लच मला कळत नव्हता. बायटिंग पॉइंट, म्हणजे क्लच पकड घेतो ती जागा, कुठे येतो ते रोज नव्याने शोधावं लागायचं. कधी गाडी हिसका देऊन निघायची, कधी इंजिन नुसतंच ओरडायचं.

क्लच बिघडलाय म्हणावं तर तसंही नव्हतं. आधी एका ठिकाणी दाखवली तेव्हा त्यांनी थेट प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट बदलायला सांगितला होता. काकांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम ॲक्सिलरेटर दाबून बघितला. आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाला सोडून एकटा पळाला नाही. "प्लेट धरतेय. खोलायची गरज नाही. तुमचा प्रश्न वर आहे, पेडलपाशी."

पेडलपाशी काय असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. गाडीच्या क्लचमध्ये प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील मिळून क्लच प्लेटला काहीशे किलोंच्या जोराने चिमटीत धरून ठेवतात. ती पकड सोडवायची तर तेवढ्या ताकदीशी झगडावं लागतं, आणि पायाला ते झेपावं म्हणून मध्ये पेडलची तरफ आहे, मास्टर सिलिंडर आहे, ऑइलने भरलेला पाइप आहे आणि गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर आहे. एवढं करूनही पेडल जड लागतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत पेडलच्या मुळाशी आणखी एक जाड, आखूड स्प्रिंग बसवलेली असते. तिचं काम गमतीदार आहे. पेडल वर असतं तेव्हा ती त्याला वरच रेटून धरते. पेडल थोडं दाबलं की स्प्रिंगची रेघ पेडलच्या खिळीला ओलांडून पलीकडे जाते, आणि त्या क्षणापासून तीच स्प्रिंग पेडलला खाली ढकलू लागते, म्हणजे पायाला मदत करते. दाराची जुनी कडी एका टप्प्यापर्यंत विरोध करते आणि मग आपसूक खटकन पडते, तसंच.

शहरात दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्यासाठी ही स्प्रिंग उपकारक आहे. पण प्रेशर प्लेटची तबकडीसारखी स्प्रिंगही सरळ रेषेत जड होत जात नाही. एका मर्यादेनंतर तिचाही जोर उतरतो. दोन्ही उतार एकाच जागी आले की पायाखालचा विरोध अचानक नाहीसा होतो. आणि बायटिंग पॉइंट त्याच आसपास असला तर जिथे पायाला सगळ्यात जास्त कळायला हवं, तिथेच काही कळत नाही. माझ्या गाडीत वीस वर्षांच्या झिजेने हे सगळं एकत्र आलं होतं.

काका अंदाजावर काम करत नाहीत. त्यांनी घरून जुना, काट्याचा वजनकाटा आणला. सीट पूर्ण मागे सरकवली. लाकडी दांडक्याचं एक टोक पेडलवर, दुसरं वजनकाट्याच्या मधोमध, आणि काटा दोन्ही हातांनी पुढे रेटायचा. पोरगा शेजारी उकिडवा बसून स्टीलच्या पट्टीवर पेडल किती सेंटिमीटर गेलं ते सांगायचा, मी आकडे लिहायचो. अप्पा बळवंत चौकातून आलेख-कागदाची वही आणली होती. दर सेंटिमीटरला एक ठिपका. कागदावर टेकडी उभी राहिली आणि तिच्या मागे दरी. पायाला जे जाणवत होतं त्याचं चित्र. मला ते पाहून विलक्षण बरं वाटलं, कारण इतके दिवस सगळे म्हणत होते की तुम्हाला सवय नाही, होईल.

"स्प्रिंग काढू. पण आधी एअर," काका म्हणाले. घाई करणाऱ्याला हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळला तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. क्लचच्या पाइपात ब्रेक ऑइलच असतं, या गाडीत तर दोघांची बाटलीही एकच. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, जुनं झालं की काळपट होतं. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडलचा पहिला भाग तो बुडबुडा दाबण्यात वाया जातो. काका बॅटरीच्या बाजूने हात घालून स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून बसले, मी आत. "दाबा. धरून ठेवा. हं, सोडा." निपल सैल, ऑइल बाहेर, निपल घट्ट, मगच पाय वर. हा क्रम एकदा चुकला की हवा परत आत. चहाच्या रंगाचं ऑइल हळूहळू मधासारखं स्वच्छ झालं. पोरगा बाटलीतली पातळी खाली जाऊ देत नव्हता. एवढ्याने पेडल सुधारलं, दरी मात्र कागदावर तशीच राहिली.

मग खरं काम. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उतरवलं. काका उताणे झाले, पाठ उंबऱ्याच्या पत्र्यावर, डोकं पेडलांच्या खाली, पाय बाहेर बोळात. कपाळावर टॉर्च, डोळ्यांवर गॉगल. दाबलेली स्प्रिंग निसटून तोंडावर आली तर काय होतं ते त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलं आहे. त्यांनी पत्र्याची एक पट्टी कापून, दोन्ही टोकं वळवून आधीच तयार ठेवली होती. मी हाताने पेडल जराजरा खाली नेत होतो. स्प्रिंग पुरती दबली, पट्टी तिच्या दोन टोकांना अडकली, आणि ती मुकाट्याने हातात आली. अंगठ्याएवढी वस्तू. मी तीच हातात घेऊन बघत बसलो होतो, काकांचं लक्ष पेडलवर होतं.

पेडल वर आलं होतं. पण पूर्ण नाही. बोटभर खाली थांबलं होतं.

इथे बरेच जण समाधान मानतात. पाय ठेवून बघितला तर फरक अफाट होता: जड, पण सलग, लपवाछपवी न करणारं पेडल. मी म्हणालो, "काका, झालं की! चालेल एवढं."

"नाही चालणार," ते म्हणाले. काकांनी कामाला सुरुवात केली तेव्हा पुण्यात चेतक होत्या. आकुर्डीला बजाजने 1972 मध्ये चेतक काढली आणि पुढे कित्येक वर्षं या बोळातून तीच जास्त आली. चेतकचा क्लच डाव्या हाताच्या लिव्हरवर, तारेने ओढला जाणारा. तार आवळून आवळून लिव्हर अजिबात ढिली ठेवली नाही तर क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा सतत घासतात आणि जळतात. लिव्हरला थोडी ढिलाई पाहिजेच. "इथे तार नाही, ऑइल आहे. पण नियम तोच."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पेडल पूर्ण वर आलं की मास्टर सिलिंडरचं एक बारीक भोक उघडं होतं आणि पाइपातलं ऑइल बाटलीशी जोडलं जातं. गाडी तापली, ऑइल फुगलं, की जास्तीचं ऑइल त्या भोकातून वर निघून जातं. पेडल बोटभर खालीच राहिलं तर भोक बंद, फुगलेल्या ऑइलला वाट नाही, आणि ते तुमच्या नकळत क्लच दाबू लागतं. गाडी सकाळी छान चालेल, घाटात तापली की प्लेट घसरेल. बेअरिंगवर सतत दाब राहील ते वेगळंच. म्हणजे ती आखूड स्प्रिंग नुसती मदतनीस नव्हती, पेडलला जागेवर नेऊन ठेवणारीही तीच होती. काढून टाकण्याआधी तिची दोन्ही कामं माहीत असायला हवीत.

आधी त्यांनी पेडलची खिळी काढली. बुश कोरडं पडलं होतं, जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं. ते खरवडून, पुसून नवीन ग्रीस भरलं. पेडल बऱ्यापैकी वर आलं, पण दहा वेळांपैकी आठ वेळा. दोन वेळा नाही. काकांच्या लेखी ते शून्यच होतं.

दुसऱ्या दिवशी मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने खोकी उघडून समोर ठेवली आणि मी तासभर ताणाच्या स्प्रिंगा ओढून बघत बसलो. काकांनी बजावलं होतं, पेडलला वर बोलावेल एवढीच हवी, भांडणारी नको. पाच घेतल्या, एक बसली. ती पेडलच्या दांडीपासून वरच्या ब्रॅकेटपर्यंत लावली. आकडा अडकवण्याआधी काकांनी बराच वेळ घालवला तो एकाच गोष्टीत: ही स्प्रिंग उद्या तुटली तर तुकडा कुठे पडेल? ब्रेकच्या पेडलखाली पडता कामा नये. त्यांनी तिला रबरी नळीचं कवच घातलं, डावीकडून नेली, आणि मुद्दाम एक आकडा सोडून ती कशी लोंबते ते पाहिलं. मग पन्नास वेळा पेडल दाबून सोडलं. पोरगा मोजत होता. पन्नासच्या पन्नास वेळा पेडल वर जाऊन टेकलं.

आलेख-कागदावर निळ्या पेनाने दुसरी रेघ काढली. दरी बुजली होती. चढ लांब, शेवटी किंचित सपाटी, तीही प्रेशर प्लेटची स्वतःची.

रविवारी पहाटे जुन्या कात्रज घाटात गेलो. चढावर मुद्दाम थांबलो, हँडब्रेक ओढला आणि क्लच सोडत आलो. एका जागी पेडल तळव्याखाली किंचित थरथरलं, गाडीचं नाक जरासं वर झालं. ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, मला कळलं की धरलं. हँडब्रेक सोडला, गाडी इंचभरही मागे न जाता निघाली. मी पुढच्या वळणावर पुन्हा थांबलो. मग पुन्हा. सहा-सात वेळा तरी.

याची किंमत आहे आणि ती लक्ष्मी रस्त्यावर मोजावी लागते. संध्याकाळच्या गर्दीत विजय टॉकीजपासून अलका चौकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये सरकताना मांडी भरून येते. आई एकदा चालवून म्हणाली, "मला नको रे ही, माझा गुडघा बोलतो." तिचं खरं आहे. ज्याला रोज दोन तास अशाच गर्दीत काढायचे आहेत, ज्याचा गुडघा दुखतो, त्याच्या गाडीतली ती स्प्रिंग मी काढू देणार नाही. आणि पेडल पूर्ण वर येतंय की नाही हे न बघता अर्ध्या तासात स्प्रिंग काढून देणाऱ्याकडे तर कुणीच जाऊ नये.

काकांनी जुनी स्प्रिंग त्या पत्र्याच्या पट्टीसकट, दाबलेल्या अवस्थेतच माझ्या हातात दिली नाही. पक्कडीत धरून आधी मोकळी केली, तेलाचं फडकं फिरवलं, औषधाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डब्यावर मार्करने गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली. पट्टी वेगळी, दोऱ्याने डब्याला बांधलेली. "स्टेपनीशेजारी ठेवा. आईंना गाडी लागेल तेव्हा आणा, वीस मिनिटांत बसवून देतो."