पहूरला अ‍ॅडव्हेंचर बाइकचं गॅरेज टाकताय? आधी २१ इंची ट्यूब ठेवा

जळगावहून अजिंठ्याला जाणारे बरेच रायडर पहूरवरूनच जातात. त्यांच्यासाठी गॅरेज टाकणार असाल, तर पहिलं भांडवल क्रॅश गार्ड आणि फॉग लाइटमध्ये अडकवू नका. वाटेत रायडर अडतो तो पंक्चरला.

एक्सपल्स २०० आणि जुनी हिमालयन ४११, दोघींना स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. म्हणजे ट्यूबलेसची स्ट्रिप चालत नाही, चाक उतरवावंच लागतं. दोघींचं पुढचं टायर एकाच मापाचं, ९०/९०-२१. मागे मात्र एक्सपल्सला १८ इंची, हिमालयनला १७. तिन्ही मापांच्या दोन-दोन ट्यूब, टायर लिव्हर, चेन क्लीनर, चेन ल्यूब. सुरुवातीला एवढं पुरे.

चाक उतरवलंय, तर ढिले स्पोक, चेनचा ताण आणि धुळीने भरलेला एअर फिल्टरही बघा. दोष असेल तर आधी गिऱ्हाइकाला दाखवा, पैसे सांगा, मगच हात लावा. विश्वास बसला की तोच अपग्रेडचं विचारेल. तेव्हा अर्धा अ‍ॅडव्हान्स घ्या आणि माल मागवा. तुमचा पैसा मोकळा राहील!