खोकं सहा किलोचं, आकार तेरा किलोचा

परदेशातल्या मुलांना फराळ पाठवताना घरच्या काट्यावर सहा किलो भरलेलं खोकं कुरिअरवाल्याकडे तेरा किलोचं होतं, आणि अनेकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते. विमानात वजनाइतकीच जागाही मोजकी असते. म्हणून खरं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन (खोक्याने अडवलेल्या जागेवरून काढलेलं वजन) यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं.

किलोभर साखर छोट्या डब्यात मावते. किलोभर कुरमुऱ्यांना मोठा डबाच लागतो. फळीवरची जागा मात्र डब्याच्या आकारानेच अडते.

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि कुरिअरसाठी बहुधा ५००० ने भागायचं. ४० × ४० × ४० चं खोकं १२.८ किलोचं ठरतं. पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरल्यास १३. चिवड्यावर दहा सेंटिमीटर नुसते कागदाचे बोळे असतील तर ते काढा, खोकं कापून ३० उंचीचं करा: ९.६ किलो. फराळ तेवढाच! फुगलेली बाजूही मापात धरली जाते, त्यामुळे खोकं ठासून भरू नका. लाडवांचं खोकं मात्र मुळातच जड. तिथे काटाच भाडं ठरवतो.