चक्रीवादळ येतंय? तयारी वादळानंतरच्या दिवसांची करा
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा काही तासांत ओसरला, पण अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंजही नव्हती. खरी तयारी या दिवसांसाठी हवी.

वीज गेली की पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, एटीएम सगळंच थांबतं. म्हणून पाणी भरून ठेवा, दळण आणा, रोख पैसे आणि औषधं जवळ ठेवा, पॉवर बँक चार्ज करा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. घर कच्चं असेल तर प्रशासनाने सांगताच निवारा केंद्रात जा.

वारा अचानक थांबला तरी बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने उलट दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो.