लायनर काढा, पण परत लावाच

"सायेब, ते नुसतं प्लॅस्टिक हाय. नसलं तरी चालतंय. उलट त्यात माती साठून पत्रा सडतोय."

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या दारात तासभर थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. दिव्याचा बल्ब बदलायला किंवा पट्टा बघायला म्हणून पुढच्या चाकावरचा लायनर उतरवतात. काम होतं, गाडी चालू होते आणि लायनर भिंतीला टेकलेला तसाच राहतो. मालकही मान डोलावून घरी जातो. कामासाठी लायनर काढण्यात काहीच गैर नाही, तो काढता यावा असाच बनवलेला असतो. गैर आहे ते त्याला बिनकामाचा ठरवून गाडी तशीच रस्त्यावर आणणं.

मडगार्डच्या आत, चाकाच्या डोक्यावर कमानीसारखं बसवलेलं काळं आवरण म्हणजे लायनर. त्याच्या पलीकडे काय असतं ते बघा: वायरिंगचा जुडगा, हॉर्न, काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि तिचा पंप, दिव्यांचे कनेक्टर. इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत तर एका बाजूला अल्टरनेटरचा पट्टा आणि त्याच्या पुल्या. आता टायरचा विचार करा. टायरचा पृष्ठभाग गाडीच्या पत्र्याच्या तुलनेत गाडीच्याच वेगाने फिरत असतो. महामार्गावर ताशी 80 किलोमीटरने जाताना टायरच्या खाचेतून सुटलेला खडा जवळपास त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटरने, कमानीत आदळतो. मधे लायनर नसेल तर तो मार पत्रा आणि वायरी खातात. चिखलाचं पाणी पट्ट्यावर उडत राहतं, पट्टा ओरडायला लागतो, बारीक रेव पुल्यांच्या बेअरिंगपर्यंत पोचते. पुढे कधीतरी चार्जिंग बंद पडतं तेव्हा मालकाला त्या भिंतीला टेकलेल्या प्लॅस्टिकची आठवणही नसते. खर्च मात्र त्याचाच.

आणि हे सगळं आपल्याकडे, जिथे रस्ते आणि माती दोन्ही अशा आहेत! महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथला जांभ्याचा तांबडा चिखल. खाली कऱ्हाड, वाळवा, पलूसच्या पट्ट्यात कृष्णाकाठची काळी जमीन. ऊसतोड सुरू झाली की ओल्या रानातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाकांना लागलेली माती डांबरी रस्त्यावर सोडत कारखान्याकडे जातात. पाऊस नसतानाही तो चिखल आपल्या गाडीला लागतो. काळी माती पाणी धरून फुगते, चिकटते आणि सावकाश वाळते. पत्र्याच्या दुमडलेल्या कडेत ती एकदा बसली की तिथे ओल दिवसचे दिवस टिकते.

गॅरेजवाल्याच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, हे मान्य करायला हवं. लायनरमागे माती साठते. पुढच्या दाराच्या अगदी अलीकडे, मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात बोट घालून बघा, चिखल आणि पालापाचोळ्याचा गोळा हाताला लागेल. गंज आतून तिथेच सुरू होतो. पण लायनर असताना जी माती फटीतून थोडी थोडी जाते, ती लायनर नसताना सरसकट सगळीकडे जाते. छपराची दोन कौलं गळतात म्हणून कुणी छप्पर उतरवून ठेवत नाही. पावसाळा संपला की लायनरच्या खालच्या क्लिपा काढायच्या, माती हाताने उकरायची, बेताच्या धारेने धुवायचं, वाळू द्यायचं आणि परत लावायचं. एवढाच उपाय आहे.

याच्या बरोबर उलट समज असलेले मालकही भेटतात: "लायनर खोलला की कंपनी फिटिंग गेलं, हात लावू नका." मग बिचारा मिस्त्री बॉनेटच्या बाजूने आंधळा हात घालतो आणि कनेक्टरचा काटा मोडतो, नाहीतर साध्या बल्बसाठी अख्खा बंपर उतरतो. शंका असेल त्यांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. मारुती सुझुकीच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत फॉग दिव्याचा बल्ब बदलायची रीतच अशी दिली आहे: स्टिअरिंग दिव्याच्या विरुद्ध बाजूला वळवा, मडगार्डच्या आतली क्लिप काढा, आवरणाचं टोक मागे ओढा. म्हणजे कंपनी स्वतःच मालकाला हे करायला सांगते.

मोडतात त्या क्लिपा, आणि त्याही घाईने. क्लिपच्या मधोमध छोटी गोल खिळी असते. काही क्लिपांत ती दोन-तीन मिलिमीटर आत दाबली की पाय मोकळे होतात, काहींत ती चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने वर उचलायची असते, काहींत फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून. आधी जुन्या टूथब्रशने तिथली माती झाडा, नाहीतर खिळी हलतच नाही आणि पकडीने उपटावी लागते. लावताना खिळी वर ओढलेली ठेवून क्लिप भोकात बसवा, मग खिळी डोक्याशी सपाट होईपर्यंत दाबा.

"क्लिप तुटली तर तारेने बांधू": तार रंग खरवडते आणि सैल पडली की लायनर वळणावर टायरला घासतो. "पत्र्यात स्क्रू मारू": नवं भोक म्हणजे गंजाला नवं दार. "चाक काढल्याशिवाय होत नाही": बऱ्याच कामांना स्टिअरिंग वळवणं पुरतं. चाक काढावंच लागलं तर गाडी घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. "कापडी लायनर म्हणजे कंपनीची काटकसर": तो खडी-पाण्याचा आवाज शोषायला असतो. "लायनर असला की उंदीर शिरत नाहीत": इंजिन खालून उघडंच असतं, ते येतात. इलेक्ट्रिक गाडीत लायनरमागे नारंगी केबल दिसली तर मात्र तिथेच थांबा, ती उच्च दाबाची असते.

राहिला सांगलीकरांचा समज, की पुरातून निघालेली गाडी धुऊन घेतली, सीटा वाळवल्या की झालं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. असं पाणी ओसरतं तेव्हा लायनरमागे बारीक गाळ ठेवून जातं, आणि बाहेरून कितीही पाणी मारलं तरी तो निघत नाही. अशा गाडीचे चारही लायनर उतरवून गाळ काढायचा, कनेक्टर सोडवून सुकवायचे आणि त्यानंतरच बॅटरी जोडायची. मागचे लायनर सोडू नका. इंधन भरायची नळी बहुतेक गाड्यांत मागच्या एका लायनरमागूनच टाकीकडे उतरते, आणि तिच्या पट्ट्यांवर बसलेला ओला गाळ वरून दिसत नाही.